हा राजवाडा रयतेचा आहे!

२० ऑक्टोबर १९९५ रोजी मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा चित्रपट लागला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी त्या गोष्टीला तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही तो तेथे चालूच होता! महासाथीच्या काळात सर्वच चित्रपटगृहांना कुलपे लागली, ते दिवस आणि २०१५ सालातील थोडके दिवस वगळले तर या तीस वर्षांत त्याचा खेळ सुटला नाही. या विक्रमाबद्दल चित्रपटाचे कौतुक झाले, त्याच्या दिग्दर्शकाचे झाले, नायक-नायिकेचे तर फारच झाले. ते व्हावयासच हवे होते. परंतु ज्यांच्यामुळे हा विक्रम घडला, त्या प्रेक्षकांविषयी आणि ज्या वास्तूत तो घडला, तिच्याविषयी चार शब्द लिहावे असे फारच थोड्यांना वाटले. ती उणीव भरून काढणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते. कारण हा प्रश्न एका चित्रपटाचा नाही. सामान्य मुंबईकराला स्वस्तात आणि सन्मानाने बसता येईल अशी भव्य जागा या शहरात उरणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

मुंबईत चित्रपटाचे राजवाडे उभे राहू लागले ते १९३० नंतरच्या दशकात. १९३३ साली कुलाब्याच्या तोंडाशी रीगल झाले. १९३८ साली चर्चगेटला इरॉस आणि धोबीतलावाला मेट्रो, अशी दोन चित्रपटगृहे एकाच वर्षात उघडली. संगमरवरी जिने, आरसे, गालिचे, भिंतींवरची चित्रे आणि भर उन्हाळ्यात अंगावर येणारी थंडगार हवा, असा तो थाट होता. पण तेथे राज्य होते ते इंग्रजी बोलपटांचे आणि ते समजणाऱ्या वर्गाचे. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे होत नाहीत तोच, १९४९ साली, मरीन लाइन्सला लिबर्टी उभे राहिले. मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने त्याचे उद्घाटन झाले. हिंदी चित्रपटालाही राजवाडा शोभतो, असे त्या चित्रपटगृहाने आपल्या नावासकट सांगितले. त्याची अंतर्गत सजावट वामन नामजोशी या मराठी कलावंताच्या हातची आहे. पुढे जयपूरचे सुप्रसिद्ध राजमंदिर ज्यांनी उभारले, तेच हे नामजोशी, ही गोष्ट किती मराठी माणसांना ठाऊक असेल?

१६ ऑक्टोबर १९५८ रोजी मराठा मंदिराचा पडदा प्रथम वर गेला आणि या परंपरेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. हा राजवाडा कोटात नव्हता, समुद्रकाठीही नव्हता. तो होता रेल्वेच्या स्थानकाजवळ, नागपाडा, आग्रीपाडा, भायखळा आणि कामाठीपुरा यांच्या मधोमध. भोवती गिरण्या होत्या, रेल्वेची कामे होती, चाळी होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांच्या संसारात ज्याला पाय पसरून निजता येत नव्हते, त्याला येथे काही आण्यांत वा रुपया-दीड रुपयात तीन तास हजार माणसांच्या सभागृहात ऐसपैस बसता येऊ लागले. डोक्यावर उंच छत, पायाखाली स्वच्छ फरशी, समोर भव्य पडदा! राजवाड्यातील रहिवासी बदलला, एवढाच काय तो फरक. परंतु तो फरक लहान नव्हे.

राजवाड्याचा मालक कोण हे मग दोन वर्षांतच दिसून आले. ५ ऑगस्ट १९६० रोजी के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ मराठा मंदिरात झाला. त्या सोहळ्याच्या कथा आजही मुंबईत सांगितल्या जातात. चित्रपटगृहाला मोगली महालाचे रूप दिले होते. बाहेर पृथ्वीराज कपूर यांची चाळीस फुटी प्रतिमा उभी होती. चित्रपटाची रिळे शृंगारलेल्या हत्तीवरून, सनई-तुताऱ्यांच्या गजरात आली. आगाऊ तिकीटविक्रीच्या आदल्या दिवशी जमलेल्या जमावाचा अंदाज एक लाखापर्यंत केला जातो. पोलिसांना धाव घ्यावी लागली. लोक चार-चार, पाच-पाच दिवस रांगेत मुक्काम करून होते आणि त्यांचे जेवणाचे डबे घरून पदपथावर येत होते. अखेर काही आठवडे तिकीटविक्रीच बंद ठेवावी लागली! पडद्यावर अकबराचा दरबार भरला होता. पण खरा अंमल चालला होता तो बाहेर रस्त्यावर पथारी पसरून बसलेल्या रयतेचा. ते लोक बादशहा पाहावयास आले होते हे खरे. पण त्याहून खरे असे की, ते नसते तर त्या बादशहाला कोणी विचारले नसते.

आता त्या तीस वर्षांच्या सकाळच्या खेळाचे प्रेक्षक पाहा. साडेअकराच्या या खेळाला कोण येते, याची वर्णने देशोदेशींच्या वार्ताहरांनी लिहून ठेवली आहेत. कोणाची संध्याकाळची गाडी आहे आणि दिवस कोठे काढावा हा प्रश्न आहे. तो बोचके पायाशी ठेवून बसतो. कोणी रात्रपाळी संपवून आला आहे. त्याला गाणी आणि झोप दोन्ही हवी आहेत. समोरच्या एस. टी. आगारातून उतरलेली कुटुंबे आहेत. शिकवणीच्या नावाखाली आलेली तरुण जोडपी आहेत. लग्नाआधी येथे आलेले आणि आता आपल्या मुलांना घेऊन येणारे दांपत्य आहे. आणि ज्यांनी हा चित्रपट किती वेळा पाहिला याची गणतीच सोडून दिली आहे, असे निष्ठावंत आहेत. नटाने तोंड उघडण्याआधी संवाद त्यांच्या तोंडून बाहेर पडतो. शिट्टी कोठे घालावयाची हे त्यांना शिकवावे लागत नाही. शेवटच्या प्रसंगात फलाटावर गाडी सुटते, बाप मुलीचा हात सोडतो आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. तीस वर्षे रोज तोच बाप, तीच गाडी आणि तोच कडकडाट! मग दिवे लागतात, बोचकी उचलली जातात आणि यांतील कित्येक प्रेक्षक रस्ता ओलांडून खऱ्याखुऱ्या फलाटाकडे चालू लागतात.

हे सारे वेडगळ आहे, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. एकच चित्रपट तीस वर्षे दाखविणे हा जाहिरातीचा खेळ आहे, असा त्यांचा आक्षेप आहे. आमचे त्यांना एवढेच विचारणे आहे की, पंढरीचा वारकरी दरवर्षी नवा विठोबा मागतो काय? गावच्या जत्रेतील तमाशाचा वग पहिल्यांदाच पाहतो म्हणून कोणी रात्र जागवतो काय? पुढे काय होणार हे ठाऊक असतानाही चार माणसांच्या संगतीत ते पुन्हा अनुभवावे, ही आमच्या लोकांची जुनी ओढ आहे. जाहिरातीने गर्दी एक आठवडा जमते, फार तर एक वर्ष जमते. ती तीस वर्षे जमत नाही.

आणि याचा पुरावा हवा असेल, तर २०१५ सालाकडे पाहावे. १२ डिसेंबर २०१४ रोजी या चित्रपटाचे एक हजार आठवडे साजरे झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत चालकांनी हिशेब पाहून तो थांबविण्याचे ठरविले. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी शेवटचा खेळ झाल्याचे जाहीरही झाले. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. पण प्रेक्षकांनी तो मृत्यू मान्य केला नाही! त्यांनी कोठे मोर्चा काढला नाही की समिती नेमली नाही. चित्रपट परत हवा, असा आग्रह मात्र चोहोंकडून झाला आणि चालकांनी तो मानला. थोडक्याच दिवसांत साडेअकराचा खेळ पूर्ववत सुरू झाला. पुढे मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे चित्रपटगृहे बंद झाली. नोव्हेंबरात ती उघडली, तेव्हाही मराठा मंदिरात परत आला तो हाच चित्रपट. पडदा वर नेण्याचा अधिकार मालकाचा असतो. परंतु तो कायमचा खाली आणावयाचा असेल, तर खाली बसलेल्यांनाही विचारावे लागते, हा पायंडा मराठा मंदिराने घालून दिला. या शहरातील फारच थोड्या संस्थांविषयी असे म्हणता येईल.

या ठिकाणी चालकांची बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. हजार आठवडे साजरे झाले त्या सुमारास या खेळाचे तिकीट वीस-पंचवीस रुपये होते. त्यानंतर ते वाढले, तरी नव्या चित्रपटगृहांतील तिकिटाच्या मानाने ते नगण्यच राहिले. नव्या चित्रपटगृहात मक्याच्या लाह्यांच्या एका पुड्याला जे मोजावे लागते, त्यात येथे अख्खे कुटुंब चित्रपट पाहून बाहेर पडते! हजार आसनांचे सभागृह थंड ठेवावयाचे, झाडावयाचे, दिवाबत्ती करावयाची, नोकरांचे पगार द्यावयाचे आणि उत्पन्न मात्र शे-दोनशे प्रेक्षकांच्या तिकिटांचे. हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारा नाही. उरलेल्या खेळांना नवे चित्रपट लागतात, म्हणूनच सकाळच्या या खेळाचा भार सोसला जातो. तेव्हा चित्रपटगृहाच्या मालकांना नफेखोर म्हणून झोडपणे सोपे असले, तरी ते न्यायाचे होणार नाही. एकपडदा चित्रपटगृहाचा मालक आज ज्या जमिनीवर बसला आहे, त्या जमिनीची किंमत त्याच्या धंद्याच्या शेकडो पट आहे. रोज सकाळी त्याच्या दारात येणारा पहिला माणूस प्रेक्षक नसतो. तो इमारतीचा दलाल असतो!

सरकारने या मालकाला काय दिले? २००१ साली राज्य शासनाने नव्या बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात भरघोस सवलत दिली. नव्या धंद्याला हात द्यावा, यात वावगे काही नाही. परंतु ज्या जुन्या चित्रपटगृहांनी वर्षानुवर्षे तिकिटामागे जबर कर भरून सरकारची तिजोरी भरली, त्यांना त्याच वेळी तोच कर भरत या नव्या स्पर्धकाशी झुंजावे लागले. एकाच्या पायात बेडी आणि दुसऱ्याला घोडा, अशी ही शर्यत! तिचा निकाल काय लागावयाचा तो लागला.

तो निकाल शहरभर दिसतो आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला, ते आज नाही. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाने ज्या मॅजेस्टिकमध्ये तोंड उघडले, तेही नाही. दोन्ही गिरगावातली. भारतीय चित्रपटाचा जन्म आणि त्याचा पहिला बोल, दोन्ही ज्या वस्तीत झाले, तेथे त्या दोहोंपैकी एकही वास्तू आम्ही राखू शकलो नाही! 'शोले' ज्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला, ते मिनर्व्हाही गेले. जी राहिली त्यांची कथा वेगळी. मेट्रोचे बाह्य रूप राहिले, पण २००६ साली आतील एका सभागृहाची अनेक सभागृहे झाली. इरॉस अनेक वर्षे बंद राहून २०२४ साली उघडले. तेथील नवा पडदा अद्ययावत आहे, बाहेरचा लाल-पिवळा दगडही झळाळतो आहे. पण बाराशे आसनांच्या जागी आता तीनशेच्या आसपास आसने आहेत आणि तिकीट ज्याला परवडते तोच तेथे जातो. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या ज्या इमारतींना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत इरॉसही आहे आणि रीगलही आहे. हा मान आम्हांस अभिमानास्पद वाटतो. परंतु वारसा दगडाचा राखला आणि त्या दगडाच्या आत बसणारा माणूस बाहेर घालविला, तर आपण नेमके काय राखले, याचा विचार झाला पाहिजे. पडक्या इमारतीची डागडुजी होऊ शकते. २०१६ साली पुन्हा उघडलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसने ते दाखवून दिले आहे. पांगलेला प्रेक्षक मात्र कोणताही वास्तुविशारद परत आणू शकत नाही.

हातात फोन आहे, त्यात हवा तो चित्रपट आहे, मग थिएटर कशाला, असा एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. तो करणाऱ्यांच्या घरात बहुधा स्वतःची स्वतंत्र खोली असते! ज्या घरात एकांत नाही, त्या घरातील माणसालाच गर्दीतल्या अंधाराचे मोल कळते. चाळीतील वा झोपडीतील स्त्रीला तीन तास कोणी हाक मारणार नाही, अशी जागा या शहरात दुसरी कोठे आहे? फोनवर चित्रपट पाहणारा एकटा हसतो आणि एकटाच डोळे पुसतो. थिएटरात शेजारचा अनोळखी माणूस त्याच क्षणी हसतो आणि त्याच क्षणी डोळे पुसतो. त्या माणसाची जात, भाषा आणि धर्म विचारण्याचे तेव्हा कोणाला सुचत नाही. ज्या शहरात शेजाऱ्याची चौकशी केल्याखेरीज घर भाड्याने मिळत नाही, त्या शहरात ही गोष्ट क्षुल्लक समजू नये.

परंतु प्रेक्षकांच्या तक्रारीही ऐकल्या पाहिजेत. जुन्या चित्रपटगृहांवर प्रेम करणारे लोकच त्यांच्या उणिवा अधिक पोटतिडिकेने सांगतात. कोठे खुर्ची मोडलेली, कोठे पंखा बंद, कोठे आवाज घोगरा, तर कोठे पडदाच काळवंडलेला. स्वच्छतागृहांची अवस्था तर अशी की, बायकामुलांना घेऊन पुन्हा यावयाचे नाही, असा निश्चय करूनच माणूस बाहेर पडतो. तिकीट स्वस्त आहे, तेव्हा एवढे चालावयाचेच, अशी काही मालकांची समजूत दिसते. ही समजूत त्यांच्याच मुळावर येणारी आहे. स्वस्त तिकीट घेणारा प्रेक्षक हलका नसतो. राजवाडा हा राजवाडा ठरतो, तो तेथे येणाऱ्याला राजासारखे वागविले जाते म्हणून. ती अदब गेली की उरते ते नुसते गोदाम, आणि गोदाम पाडले म्हणून कोणी अश्रू ढाळीत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. आता राज्य शासनाने आणि महापालिकेने आपला वाटा उचलावा. जे एकपडदा चित्रपटगृह आपल्या काही खेळांचे तिकीट सामान्यांच्या आवाक्यात ठेवील, त्याला मिळकत करात आणि विजेच्या दरात सूट द्यावी. खेळ नसतील त्या वेळी नाटक, गायन, व्याख्यान वा शाळांचे कार्यक्रम यांसाठी सभागृह देण्याची मुभा परवान्यांच्या फेऱ्यात न अडकविता द्यावी. जुन्या चित्रपटगृहाच्या जागी नवी इमारत बांधताना मूळ आसनांच्या किमान एक तृतीयांश आसनांचे चित्रपटगृह ठेवावे, असा नियम मुंबईत आहे. हा नियम आसने मोजतो, पण तिकिटाची किंमत मोजत नाही. त्यात स्वस्त आसनांची अट घातल्याखेरीज त्याला अर्थ नाही. आणि मराठा मंदिरासारखी जी वास्तू जागतिक वारशाच्या सीमेबाहेर पडली आहे, तिचाही लोकजीवनाचा वारसा म्हणून विचार झाला पाहिजे. युनेस्कोच्या नकाशात मुंबई सेंट्रल नसेल. मुंबईकराच्या नकाशात ते ठळक आहे.

शेवटी दोन शब्द वाचकांसाठी. एखादे चित्रपटगृह बंद झाल्याची बातमी आली की, हळहळ व्यक्त करणारी पत्रे आमच्याकडे ढिगाने येतात. तेथे पाहिलेला पहिला चित्रपट, तेथील वडा, तेथील घंटा, सारे सारे त्यांत असते. त्या चित्रपटगृहाचे शेवटचे तिकीट आपण केव्हा काढले होते, हे मात्र त्यांत नसते. हळहळीवर चित्रपटगृह चालत नाही. ते तिकिटावर चालते. २०१५ साली मराठा मंदिरातील खेळ ज्यांनी परत आणला, ते केवळ हळहळले असते तर तो परत आला नसता. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी जाणारे लोक होते, हे चालकांना ठाऊक होते. ज्यांना हे राजवाडे हवे आहेत, त्यांनी याच रविवारी घरातील मुलाबाळांना घेऊन आपल्या वस्तीतील जुन्या थिएटराची पायरी चढावी. खुर्ची मोडकी असेल तर व्यवस्थापकाला तोंडावर सांगावे, पण जावे. रयत दारात उभी असेपर्यंत राजवाड्याला हात लावण्याची कोणाची छाती होणार नाही. ती दारातून हटली, की दलाल आत शिरलाच म्हणून समजा!